स्कार्फच्या आतली मान

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या रस्त्यावर ओळखीची बाई चेहऱ्यावरून ओळखता येत नाही. कपाळापासून हनुवटीपर्यंत सुती स्कार्फ, त्यावर काळा गॉगल, हातांत कोपरापर्यंत चढणारे मोजे आणि अंगात पांढरा सनकोट. सख्खी नणंद सिग्नलला शेजारी येऊन थांबली तरी पत्ता लागू नये असा बंदोबस्त असतो, आणि काही जणींचा हेतूही तोच असतो. अशा वेळी मी मानेकडे बघते. चेहरा झाकता येतो, मानेची ढब झाकता येत नाही. सिग्नलचे आकडे उतरत असताना कोणी हनुवटी पुढे काढून त्यांना घाई करते, कोणी मान तिरकी करून शेजारच्या रिक्षातलं भांडण ऐकते, कोणी मान मागे टाकून आभाळात वळवाचे ढग शोधते. माझी एक मैत्रीण मला कर्वे रस्त्यावर अशीच सापडली. बोलताना तिची मान किंचित डावीकडे कललेली असते; सबंध चेहरा गुंडाळला तरी ती तेवढीच कललेली होती.

पण गाडी सुरू झाली की या सगळ्या माना एकजात सारख्या होतात. उजवीकडे वळायचं आहे, मागून काही येतंय का बघायचं आहे, तर स्कार्फवाली मान वळवत नाही. खांद्यांसकट, प्रसंगी कमरेसकट, ती अख्खीच वळते. तिच्याबरोबर हँडलही थोडं वळतं. मग मागून येणारा रिक्षावाला जे काही म्हणतो ते सुदैवानं दुहेरी सुती कापडातून नीट ऐकू येत नाही.

हे बघून बघून मला प्रश्न पडला, की डोक्याला कापड गुंडाळल्यावर मानेचं नेमकं होतं तरी काय? वाटतो तितका हा प्रश्न रिकामटेकडा नाही. फिजिओथेरपीतल्या लोकांनी तो अगदी गंभीरपणे विचारलेला आहे: डोक्यावर रोज स्कार्फ घेणाऱ्या बाईची मान किती वळते, आणि वळून परत आल्यावर ती खरोखरच मधोमध येते का. यातला पहिला अर्धा प्रश्न कोणीही विचारेल. दुसरा वाचला आणि मी खुर्चीत सावरून बसले. आपली मान मधोमध आहे हे आपल्याला कळतं कसं, याचा विचार मी तोवर केलेलाच नव्हता.

आधी कापडाचं सांगते. बाहेरच्या माणसाला वाटतं, घेतलं आणि गुंडाळलं. तुळशीबागेत किंवा डेक्कनवरच्या हाँगकाँग लेनमध्ये स्कार्फ घेणारी जाणकार बाई रंग नंतर बघते, आधी कापड मुठीत चुरगळून पाहते. गुळगुळीत असेल तर गाठ सुटते, जाड असेल तर जीव गुदमरतो. बांधायची तऱ्हा अशी: कापड डोक्यावर टाकायचं, एक बाजू आखूड, एक लांब. आखूड बाजू हनुवटीखाली चिमटीत धरायची, लांब बाजू नाकावरून पलीकडच्या कानापर्यंत न्यायची, तिथून मागे, आणि मानेमागे दोन्ही टोकांची गाठ. गाठ मारताना मान खाली झुकलेली असते, कारण हात मागे असतात, पर्स काखेत असते आणि ऑफिसला उशीर झालेला असतो. झुकलेल्या मानेवर घट्ट बसवलेली ही गाठ मान सरळ झाली की हनुवटीखाली ओढायला लागते. मग बाई रस्ताभर जरा नम्र दिसते. घरच्यांनी तिला असं कधी पाहिलेलं नसतं.

खरी गंमत उरलेल्या टोकांत आहे. टोकं मोकळी असली तर कापड डोक्याबरोबर फिरतं आणि मान वळायला कोणाची ना नसते. पण तीच टोकं सनकोटाच्या कॉलरमध्ये खोचली, वरून सॅकचा पट्टा आला, की डोकं आणि खांदे एकमेकांना बांधले गेले. मग दाव्याच्या वासरासारखी मान दावं ताणेपर्यंत फिरते आणि तिथेच थांबते. तिसरी तऱ्हा सगळ्यांत वाईट. कापड खांद्याला धरून जागच्या जागी राहतं आणि डोकं त्याच्या आतल्या आत फिरतं. मान हवी तेवढी वळते, तिच्याविषयी तक्रार नाही. पण वळून पोचल्यावर समोर ट्रक दिसत नाही, स्वतःच्याच स्कार्फची शिवण दिसते.

डोळ्यांचाही यात हिशेब असतो. दोन्ही डोळे मिळून माणसाला साधारण १८० अंशांचा टापू दिसतो. कडेचं अंधुक दिसतं खरं, पण काहीतरी हललं एवढं कळायला ते पुरतं. स्कार्फची कड पुढे आली की नेमका हा कडेचाच भाग कापला जातो. डोळ्यांना कमी दिसायला लागलं की ते मानेला सांगतात, तू जरा जास्त वळ. आणि मान म्हणते, मलाच कुठे वळता येतंय! एकाच कापडानं दोघांनाही अडवलेलं असतं, आणि निस्तरावं लागतं कमरेला.

आता मानेकडे. माणसाच्या मानेत सात मणके असतात. जिराफाच्या मानेतही सातच, फक्त एकेक वीतभर. घुबडाला मात्र चौदा, म्हणून ते जागचं न हलता पाठीमागचा सगळा कारभार बघू शकतं. सासूपणाला लागणारी शरीररचना निसर्गानं पक्ष्याला का दिली कोण जाणे. आपल्या सातांतल्या वरच्या दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. कवटी पहिल्या मणक्यावर टेकलेली असते आणि ‘हो’ म्हणताना ती तिथे पुढेमागे डुलते. ‘नाही’ म्हणताना हा पहिला मणका दुसऱ्याच्या खुंटीभोवती फिरतो. मान डावी-उजवीकडे वळताना एकूण जेवढी फिरते, त्यातलं जवळजवळ निम्मं या एकाच सांध्यात होतं. धडधाकट तरुण मान प्रत्येक बाजूला ७० ते ९० अंश वळते, आणि वय वाढेल तशी थोडी थोडी कमी. आपल्याकडच्या सुनांच्या कित्येक पिढ्यांचा वरचा सांधा झिजला असेल आणि खालचा कोरा करकरीत राहिला असेल, असा माझा एक तर्क आहे. क्ष-किरण तपासणीत तो अजून कोणी तपासलेला नाही.

या सात मणक्यांवर साडेचार-पाच किलोंचं डोकं तोललेलं असतं, आणि ते कुठल्या दिशेला आहे याची खबर मेंदूला सतत लागते. खबर तीन ठिकाणांहून येते. डोळे सांगतात, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतं, आणि तिसरी खबर खुद्द मानेची. कवटीच्या तळाशी, जिथे अंबाडा टेकतो त्याच्या आत, बोटभर लांबीचे काही स्नायू आहेत. ताकदीचं काम त्यांच्याकडे फारसं नाही. पण ताण मोजणारे बारीक तंतू त्यांच्यात इतके दाट आहेत की शरीरातल्या मोठमोठ्या स्नायूंनाही ते भाग्य नाही. डोकं जरा हललं की ही मंडळी वर कळवतात. मानेवरची त्वचाही ताणली की आपली साक्ष नोंदवते. डोळे मिटून आपण नाकाच्या शेंड्याला बोट लावू शकतो ते अशाच जाणिवेच्या जोरावर. चार्ल्स शेरिंग्टन या इंग्रज शरीरशास्त्रज्ञानं १९०६ मध्ये तिला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं नाव दिलं. आपण तिला जागेची जाण म्हणू आणि पुढे जाऊ.

मानेची ही जाण मोजायची एक साधी पद्धत आहे. मिशेल रेव्हेल आणि त्यांच्या फ्रेंच सहकाऱ्यांनी ती १९९१ मध्ये मांडली. माणसाला भिंतीसमोर ९० सेंटिमीटरवर बसवायचं, डोक्यावर प्रकाशाचा ठिपका पाडणारं काहीतरी चढवायचं, ठिपका मध्यावर आणायचा आणि डोळे बंद करायचे. मग मान एका बाजूला पूर्ण वळवायची आणि आपल्या मते जिथे मध्य आहे तिथे परत आणायची. ठिपका साडेचार अंशांच्या आत, म्हणजे भिंतीवर साधारण ७ सेंटिमीटरच्या आत आला, तर मान शहाणी. मान दुखणाऱ्या माणसांचा ठिपका जास्त भरकटतो.

एवढं वाचल्यावर घरात कोण स्वस्थ बसेल? भाचीच्या क्रिकेटच्या टोपीला तिचा लेझरचा दिवा चिकटपट्टीनं बांधला. भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. मांजरीला दुसऱ्या खोलीत कोंडलं, कारण लाल ठिपक्यात तिला आमच्यापेक्षाही जास्त रस होता. भाची मोकळ्या मानेनं जरा उजवीकडे भरकटली आणि स्कार्फ बांधल्यावर उलट मध्याच्या जवळ आली. तिच्या आईचं बरोबर याच्या उलट झालं, आणि दोघींनी एकमेकींच्या टोपी घालण्यावर आक्षेप घेतला. मग साताऱ्याहून आलेल्या आत्याला बसवलं. आत्याच्या डोक्यावर पदर. तिनं डोळे मिटले, मान डावीकडे नेली, आणि परत येताना आधी हात वर जाऊन पदर सारखा झाला, मगच मान निघाली. ठिपका भिंतभर हिंडून शेवटी देवाच्या फोटोवर स्थिरावला. “आत्या, मध्यावर थांबायचं होतं,” भाची म्हणाली. “अगं, मध्यावरच आहे की,” आत्या डोळे न उघडता म्हणाली. “तुमची भिंत सरकली असेल.”

एका घराच्या भिंतीवर शास्त्र सिद्ध होत नसतं, हे मी जाणते. पण भाचीचं आणि तिच्या आईचं उलटसुलट होण्यात मला काही नवल वाटलं नाही. कापड मानेला अडवतं तसंच ते तिला सांगतही असतं. मान थोडी वळली की गळ्याजवळ एका बाजूला कापड ताणतं, दुसऱ्या बाजूला सैल पडतं, आणि त्वचेला कळतं की निघालो. परत येताना दोन्ही बाजूंचा ताण सारखा झाला की पोचलो. ज्या मानेला ही भाषा कळते ती कापडाच्या आधारानं घरी येते; जिला कळत नाही ती गोंधळते. शिवाय सवय झाली की त्वचा कापडाची दखल घेणंच सोडून देते. चष्मा नाकावर असताना आपण घरभर चष्मा शोधतो तो काही उगाच नाही. म्हणून ‘स्कार्फनं मान बिघडते’ किंवा ‘स्कार्फनं काहीच होत नाही’ असं कोणी एका दमात सांगितलं, तर मी त्याला आधी विचारीन, की बाबा रे, कोणाची मान, कुठलं कापड, आणि गाठ कुठे मारली होतीस?

आत्याच्या पदराकडे परत जायला हवं, कारण तो या सगळ्यांत अवघड प्रकार आहे. पदराला गाठ नसते, पिन नसते. तो निव्वळ मानेच्या भरवशावर टिकतो. सुती नऊवारीचा पदर निदान अंबाड्यावर अडकतो. पुढे गुळगुळीत पाचवारी आली, अंबाड्याची शेंडी झाली, शेंडीचा बॉबकट झाला, आणि पदराला धरून ठेवायला डोक्यावर काही उरलंच नाही. तरी आत्या तो डोक्यावर ठेवून चुलीत लाकूड सारत असे, पंगतीत वाकून वाढत असे, कडेवरच्या पोराचं नाक पुसत असे. तिला आरसा लागत नसे. पदराचा काठ कपाळावर कुठे आला आहे, किती मागे सरकला आहे, हे तिला आपोआप कळे, आणि सासऱ्यांच्या खाकरण्याचा आवाज ओटीवर येतो न येतो तोच हात न बघता नेमका त्या काठापाशी जाई. वेगानं मान वळवली तर पदर घसरतो, झटकन वर बघितलं तर घसरतो, मनापासून हसलं तर हमखास घसरतो. तेव्हा मान हळू, थोडी आणि खालच्या अंगानं वळवायची. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पदरानं शिकवलं.

अशा मानेला लोक डौलदार म्हणतात. चित्रकार तिची चित्रं काढतात. मला त्यातलं निम्मं कौतुक पटतं. उरलेलं निम्मं पटत नाही, कारण दारात कोण आलंय हे मान वळवून बघायचीही जिला मुभा नव्हती, तिच्या मानेचा डौल वाखाणणं वाखाणणाऱ्याला फार सोयीचं असतं. आत्याला मी एकदा विचारलं, “मान दुखायची नाही का गं?” ती म्हणाली, “दुखायची. पण तेव्हा दुखणं सांगायला मान वर करावी लागायची.”

पुरुषांनी एवढ्यात हसू नये. आपल्या लग्नातला नवरदेव डोळ्यांसमोर आणा. डोक्याला आठ-नऊ मीटर कापडाचा फेटा, वर तुरा, पाठीवर शेमला आणि कपाळाला मुंडावळ्या. मुंडावळ्यांच्या मोत्यांच्या सरी दोन्ही गालांवर लोंबत असतात. मान जोरात फिरवली की त्या आधी नाकावर येतात आणि मग डोळ्यांत. त्यामुळे मित्रानं मागून हाक मारली तरी नवरदेव उभाच्या उभा वळतो, आणि मुलीकडच्या बायका म्हणतात, मुलगा किती शांत आहे! तो शांतपणा फेट्याचा असतो. फेटा उतरला की दुसऱ्या दिवशी खरा मुलगा दिसू लागतो.

फेट्याच्या बाबतीत आणखी एक मजा मी दर लग्नात बघते. कार्यालयाच्या दारातून आत येताना फेटेवाले काका बरोबर तुऱ्यापुरते वाकतात. तुरा त्यांना दिसत नाही, त्याला हात लावलेला नसतो, तरी तो किती उंच आहे हे मानेला ठाऊक असतं. लंडनमधले हेन्री हेड आणि गॉर्डन होम्स हे मज्जातंतूंचे डॉक्टर १९११ मध्येच असं काहीसं लिहून गेले आहेत. आपल्या शरीराचा एक नकाशा मेंदू सतत आखत असतो, आणि जे जे शरीराबरोबर हलतं ते ते त्या नकाशात सामील होतं. त्यांनी उदाहरण दिलं होतं बाईच्या हॅटवरच्या पिसाचं. ते पिसापर्यंत पोचले. कोल्हापूरला आले असते तर तुऱ्यापर्यंत पोचले असते. पंगत उठल्यावर फेटा काढून पिशवीत ठेवलेले तेच काका बाहेर पडताना त्याच दारात पुन्हा वाकतात. नकाशा बदलायला मेंदूला थोडा वेळ लागतो, आणि काकांना जिलबी जास्त झालेली असते.

पुणेरी पगडीचं प्रकरण निराळं. तिला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे तिच्याविषयी जपून लिहायला हवं. फेटा माणसाच्या डोक्यावर बांधतात, पगडी मात्र तयार होऊनच येते आणि तिच्या मापाचं डोकं शोधत सत्कारात फिरते. सत्कारमूर्तीच्या डोक्यावर ती चढवली, गळ्यात शाल आली, हातात नारळ आला, आणि आता वाकून अध्यक्षांना नमस्कार करायचा. इथे मानेची परीक्षा असते. वाकलं तर पगडी डोळ्यांवर, न वाकलं तर गर्विष्ठपणाचा शिक्का. मुरलेले सत्कारमूर्ती गुडघ्यात वाकतात आणि मान सरळ ठेवतात. या एका लकबीवरून माणसाचे आजवर किती सत्कार झाले असतील याचा अंदाज मला बांधता येतो.

आमच्या कचेरीतली एक सहकारी कोंढव्याहून येते. ती हिजाब घेते. माझं हे संशोधन ऐकून ती म्हणाली, “ताई, मी मान वळवत नाही ती स्कार्फमुळे नाही. मागून हाक मारणाऱ्या तुम्ही असता, आणि तुमची हाक म्हणजे काम.” मग तिनं मला नीट दाखवलं. आतून एक घट्ट सुती टोपी, म्हणजे वरचं कापड सरकत नाही. वरचं कापड हनुवटीखाली आणून पिन लावायची. पण पिन टोचण्याआधी एकदा उजव्या खांद्यावरून बघायचं, एकदा डाव्या, आणि तेवढं कापड सैल सोडून मगच पिन. तिला हे तिच्या आईनं शिकवलं. कारणही साधं होतं. नमाजाच्या अखेरीस सलाम करताना चेहरा आधी उजवीकडे, मग डावीकडे वळवायचा असतो, आणि तो दिवसातून पाच वेळा. मानेला खांद्याशी जखडून टाकणारी बांधणी तिथे चालायची नाही. दोन्हीकडे पूर्ण वळण्याचा असा नेम माझ्या ओळखीच्या कुठल्याच उघड्या मानेला नाही.

आमच्या स्कार्फमध्ये आणि तिच्या स्कार्फमध्ये कापड जवळजवळ सारखंच, कधी कधी दुकानही तेच. तिचा चेहरा उघडा असतो. आमचे तर डोळेही गॉगलमागे. पण तिच्या कापडावर परिसंवाद होतात, आणि आमच्याबद्दल लोक फार तर रंग पँटला शोभतो का एवढंच बघतात. तिकडे नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की बाप्येसुद्धा डोळे तेवढे उघडे ठेवून दुपट्टा गुंडाळतात. “नाही बांधला तं ऊन लागते न ताई,” असं सांगतात आणि तो विषय तिथेच संपतो. सगळ्याच कापडांचा विषय असा पटकन संपला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटतं.

मानेची कसोटी बघायची तर डोक्यावर हंडा घेतलेली बाई बघावी. जुन्या लुगड्याच्या पट्टीची चुंबळ, वर हंडा, त्यावर कळशी. इथे मान वळतच नाही. वळतात ते डोळे आणि पाय. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांवरचा एक अभ्यास १९८६ साली ‘नेचर’मध्ये आला होता. त्यांतल्या काही डोक्यावर, काही कपाळाला पट्टा लावून पाठीवर ओझं वाहणाऱ्या. स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकं ओझं घेऊन चालताना त्यांना जास्तीची शक्ती जवळजवळ खर्च करावी लागत नव्हती. शास्त्रज्ञ थक्क झाले. बायकांना कोणी विचारलं असतं तर त्यांनी बहुधा नळ मागितला असता.

आता पुन्हा रस्त्यावर येते, कारण घरात मान किती वळते यानं कोणाचा जीव जात नाही. १ जानेवारी २०१९ पासून पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली, तेव्हा शहरानं मोर्चे काढले. बाजूचं दिसत नाही, मागचा हॉर्न ऐकू येत नाही, मानेवर भार पडतो, मणके बिघडतात, अशी हेल्मेटवरची आरोपपत्रं मी त्या काळात कट्ट्याकट्ट्यावर ऐकली. यातली पहिली दोन कलमं घट्ट बांधलेल्या स्कार्फला जशीच्या तशी लावता येतात. पण स्कार्फविरुद्ध मोर्चा निघालेला माझ्या ऐकिवात नाही, कारण तो सक्तीचा नाही. पुणेरी माणूस कुठलाही त्रास आनंदानं सोसतो, तो फक्त त्याचा त्यानं शोधून काढलेला असायला हवा. हेल्मेट घालाच, स्कार्फ डोकं फुटण्यापासून वाचवत नाही. फक्त आतल्या स्कार्फची गाठ हेल्मेटच्या मागच्या काठाखाली येऊ देऊ नका. ती तिथे आली की हेल्मेट पुढे सरकतं, कपाळावर येतं, आणि रस्ता बघायला मान मागे टाकून चालवावं लागतं. ते चुकवायचं तर गाठ एका बाजूला, कानाखाली मारावी.

टोकं कॉलरमध्ये खोचू नका, पण म्हणून ती वाऱ्यावरही सोडू नका. इसाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तिका १९२७ साली फ्रान्समध्ये नीस इथे मोटारीतून निघाली, तिच्या लांब रेशमी स्कार्फचं टोक चाकात गेलं आणि ती तिथेच गेली. आपल्याकडे दुचाकीच्या मागच्या चाकाला साडीगार्ड असतो तो याच भीतीपोटी. पण गाडी देखणी दिसावी म्हणून तो काढून ठेवणारे वीरही आपल्याकडे असतात. तेव्हा टोकं आखूड ठेवा, गाठीतच दुमडून टाका. गाठ मारताना मान सरळ ठेवा. मारून झाल्यावर गाडीला किल्ली लावण्याआधी दोन्ही खांद्यांवरून एकदा मागे बघा. कापडाची शिवण दिसली तर सोडा आणि पुन्हा बांधा.

आणि एक आरशाचं. कितीतरी दुचाक्यांना आरसे नसतातच. पार्किंगमध्ये अडकतात म्हणून ते घरी कपाटात ठेवलेले असतात. ज्यांना असतात त्यांतला एक तरी गाडीवर बसणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळवलेला असतो, कारण स्कार्फ नीट बसला की नाही हे त्यात बघायचं असतं. बघा, जरूर बघा. मात्र बघून झालं की तो पुन्हा मागच्या रस्त्याकडे वळवा, आणि कपाटातला दुसराही आजच गाडीला लावून टाका.